तिठ्यावरचा सिग्नल: टायमिंग चुकलंय की लूप (वाहन ओळखायला रस्त्यात पुरलेली तार)?

पर्वरीकर: महामार्ग 66 वर उतारावरचा तिठा, वाहनं 80 च्या वेगाने येतात. पिवळा 3 सेकंद. पिवळा लागला की पुढचा करकचून ब्रेक मारतो, मागचा त्याच्यावर आदळतो. बाजूच्या रस्त्याला एकटी स्कूटर कितीही वेळ उभी राहिली तरी हिरवा मिळत नाही. पावसाळ्यात मात्र उलटं, रस्ता रिकामा असताना हिरवा येत राहतो. बदलायचं काय?

चिरेखाण: आधी पिवळा. त्याला खर्च नाही. 80 किमी म्हणजे सेकंदाला 22.2 मीटर. भान यायला 1 सेकंद आणि ब्रेकचा वेग-घट दर सेकंदाला 3.05 मीटर प्रति सेकंद धरला तर सपाट रस्त्यावर 1 + 22.2 ÷ 6.1 (3.05 ची दुप्पट) = 4.6 सेकंद. उतार 3 टक्के असेल तर 5. तुमचे 3 सेकंद 45 च्या आसपासच्या वेगाचे झाले. पिवळ्यानंतर सगळ्या बाजूंना एकदम लाल, तिठा रिकामा व्हायला: तिठ्याची रुंदी 28 मीटर, बस 12 मीटर, म्हणजे 40 ÷ 22.2, जवळपास 2 सेकंद.

लूपवाला: पिवळा बरोबर केला तरी घोटाळ्याचा पट्टा राहतोच: स्टॉप लाइनपासून अडीच ते साडेपाच सेकंदांवर, 80 ला 55 ते 122 मीटर. तिथे थांबावं की जावं हे चालकांचं एकमत होत नाही. म्हणून आगाऊ डिटेक्टर (येणारं वाहन लांबूनच ओळखणारा) त्या पट्ट्याच्या लांबच्या टोकाला लावा. पट्ट्यात कुणी असेल तर हिरवा वाढतो. पण हिरव्याची ठरलेली कमाल वेळ संपली की कंट्रोलर (सिग्नल चालवणारी पेटी) पट्ट्यात कोण आहे ते न बघता हिरवा कापतो. गर्दीच्या वेळी हे रोज होतं, आणि डिटेक्टर बसवणारे ते सांगत नाहीत.

स्कूटरसाठी चौकोनी लूपच्या मधोमध उभं राहून उपयोग नाही, तारेवर चाक हवं. मधून तिसरी तार जाणारा लूप टाका, थांबायची जागा रंगवा. पायलटांना (मोटरसायकल टॅक्सीवाल्यांना) दोन दिवसांत कळेल.

पर्वरीकर: आणि पावसाचं?

लूपवाला: लूप किंवा जोडणी ओली होते, इन्सुलेशन जातं, डिटेक्टर बिघाड ओळखून मुद्दाम ‘वाहन आहे’ असंच सांगत राहतो. डिटेक्टरच्या कार्डापासून वायर सोडवून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लूप आणि अर्थ यांच्यामधला रोध मोजा. नव्या लूपला 100 मेगाओमच्या वर हवं. आधी जोडणीचा चेंबर उघडा. तुटलेल्या तारेपेक्षा पाण्यात बुडालेली जोडणीच जास्त सापडते. तारेसाठी रस्त्यात कापलेल्या खाचेचे कोपरे काटकोनात कापले असतील तर तार तिथेच सोलवटते.

चिरेखाण: डांबराला चाकोऱ्या पडल्या असतील तर पुन्हा लूप टाकू नका, रडार घ्या. कॅमेरा स्वस्त पडला तरी ओल्या रस्त्यावरचे हेडलाइट त्याला वाहनं वाटतात.