मोठ्या खंडानंतर कामाचा विमानप्रवास

प्रश्न: जानेवारीत पुणे–दिल्ली, एक मुक्काम. बऱ्याच वर्षांनी जातोय. काय सांभाळू?

– डिजियात्रा (चेहरा ओळखून विमानतळावर आत सोडणारी सोय) वापरणार असाल तर ॲप घरीच लावा. आधारवरचं नाव तिकिटाशी जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव गाळलं की तिथेच अडतं. चेक-इननंतर बोर्डिंग पास ॲपमध्ये टाकायचा, हे हमखास राहतं. मूळ ओळखपत्र तरीही जवळ हवंच.

– पॉवर बँक केबिन बॅगेतच. मर्यादा १०० वॅट-तास. २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४. छापील आकडा पुसला असेल तर नेऊच नका.

– तिकिटावर कंपनीचा जीएसटी क्रमांक घाला, म्हणजे कंपनीला त्या कराचं क्रेडिट (भरलेला कर स्वतःच्या जीएसटीतून वजा करण्याची सोय) घेता येतं. हॉटेलचं मात्र वेगळं: तिथे दिल्लीचाच कर लागतो, नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर क्रेडिट मिळत नाही. आणि जानेवारीत धुकं! सकाळची बैठक असेल तर आदल्या संध्याकाळीच पोहोचा.