मदत हवी आहे: मुलीच्या जबड्याखालची गाठ, कल्चरमध्ये 'एनटीएम' आलंय

आम्ही रावेर तालुक्यातले. मुलगी साडेतीन वर्षांची. होळीच्या सुमारास उजव्या जबड्याखाली बोराएवढी गाठ आली, ती लिंबाएवढी झाली. ताप नाही, खोकला नाही, दाबलं तरी रडत नाही. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक नाही. मग जळगावला सुईने नमुना घेतला. स्मिअरमध्ये (नमुना काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती तपासणी) एएफबी, म्हणजे टीबीसारखे दिसणारे जंतू, पॉझिटिव्ह; सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी, निगेटिव्ह. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या.

दोन महिने झाले, गाठ तेवढीच. वरची कातडी जांभळी आणि पातळ झालीय. आता कल्चरचा (जंतू वाढवून बघतात त्या तपासणीचा) रिपोर्ट आला: टीबीचा जंतू नाही, एनटीएम (टीबीच्या कुळातला, पण टीबी न करणारा जंतू) आहे. त्याची नेमकी जात अजून कळायची आहे.

सासूबाईंनी तिचं ताट-वाटी वेगळी केलीय. जाऊबाई मुलांना तिच्याजवळ येऊ देत नाहीत. ती उंबऱ्यात उभी राहून त्यांचा खेळ बघते. हे खरंच लागण होणारं आहे का? शिवाय एक सर्जन म्हणतात पूर्ण गाठ काढू, दुसरे म्हणतात चिरा देऊन पू काढू. ऑपरेशनमध्ये ओठ वाकडा होण्याची भीती वाटते. कुणाच्या मुलाला झालं असेल तर सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी बालरोगतज्ज्ञ, मूळ अमळनेरचा. मुलीला न तपासता लिहितोय, एवढं लक्षात ठेवा.

ताट आजच एकत्र करा. हे जंतू माती-पाण्यात असतात. अशी गाठ एका मुलाकडून दुसऱ्याला लागत नाही. स्मिअरमध्ये टीबी आणि एनटीएम सारखेच दिसतात, सीबीनॅट मात्र फक्त टीबीचे जंतू ओळखतं. आपल्याकडे टीबी एवढा, म्हणून आधी तोच धरला जातो.

चिरा देऊन नुसता पू काढू नका, जखम महिनोन्महिने वाहत राहते. पूर्ण गाठ काढणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. खालच्या ओठाची नस तिथूनच जाते, म्हणून सर्जनना थेट विचारा: अशा गाठी किती काढल्यात, नस सांभाळता येईल का? धोका जास्त वाटला तर क्लॅरिथ्रोमायसिनसोबत रिफाम्पिसिन किंवा इथॅम्ब्युटॉल काही महिने देतात. नुसतं लक्ष ठेवूनही पुष्कळ गाठी बऱ्या होतात, पण वर्षभर लागू शकतं आणि व्रण राहतो. जात कळणं महत्त्वाचं. अब्सेसससारख्या भराभर वाढणाऱ्या जातींवर टीबीची नेहमीची औषधं चालत नाहीत. चालू गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.

धागाकर्ती:
खूप आभार, डॉक्टर. जाऊबाईंना वाचून दाखवलं. बुधवारी रिपोर्ट घेऊन जळगावला जातोय, नसेचं पहिलं विचारते. मुलं आत्ता अंगणात एकत्र आहेत.