व्हर्च्युअल शाळेचा दाखला कोण देणार?

स्नेहल, बी-३०२: नमस्कार मंडळी. ओजसला आठवीनंतर व्हर्च्युअल शाळेत घालायचं मनात आहे. टेबल टेनिससाठी रोज फोंड्याहून कांपालला जाऊन येतो, शाळेत हजेरी भरत नाही. एका शाळेचं माहितीपत्रक आलंय, 'सीबीएसई अभ्यासक्रम' लिहिलंय. कुणाला अनुभव?

देसाई काका: कोविडात बघितली की ही शाळा. सांगे-सत्तरीची पोरं रेंजसाठी डोंगर चढत होती.

स्नेहल: काका, तेव्हा नाइलाज होता हो.

मृणालवहिनी, ए-१०४: स्नेहल, पत्रकात 'अभ्यासक्रम' आहे की 'संलग्न'? आम्ही तिथेच फसलो. धाकट्याला सातवीनंतर एका अशा शाळेत घातलं. तास नियमित, शिक्षकही चांगले, खोटं कशाला बोलू. आठवी संपताना पुढच्या रजिस्ट्रेशनचं विचारलं तेव्हा कळलं, ती कुठल्याच बोर्डाची शाळा नव्हती, नुसती शिकवणी. दहावीला एनआयओएसमधून बसवू म्हणाले.

मृणालवहिनी: एनआयओएस वाईट नाही हां. केंद्र सरकारचं मुक्त शिक्षणाचं बोर्ड, १९८९ पासूनचं. परीक्षा वर्षातून दोनदा, पाच वर्षांत नऊ संधी. खेळणाऱ्या मुलाला सोयीचंच. पण दहावीच्या प्रवेशाला १४ वर्षं पूर्ण लागतात. आमच्याला चार महिने कमी पडले, बसला पुढच्या सत्राची वाट बघत. असाइनमेंटला २० टक्के गुण असतात, प्रॅक्टिकलला केंद्रावर जावंच लागतं. हे प्रवेशाच्या वेळी कुणी सांगितलं नाही.

कामत सर: सीबीएसईच्या बोर्ड परीक्षेला ७५ टक्के हजेरी लागते. त्यामुळे 'घरी बसून सीबीएसईची दहावी' कुणी म्हटलं तर परीक्षेला नेमकं कोणत्या शाळेच्या नावावर बसवणार ते लेखी मागा.

रेश्मा, बी-२०१: मुक्त शाळेतून बारावी केली तर मेडिकलची 'नीट' परीक्षा देता येते का?

कामत सर: येते. २०१८ मध्ये अडवलं होतं, दिल्ली उच्च न्यायालयाने ती अट उडवली. पण अकरावी इथल्या उच्च माध्यमिकात करायची असेल तर समकक्षतेचं, म्हणजे ती दहावी इथल्या दहावीच्या बरोबरीची धरतात का ते, पर्वरीला गोवा बोर्डात आधीच विचारून या. आणि आताच्या शाळेतून दाखला काढायच्या आधी मुख्याध्यापकांना भेटा. खेळासाठी हजेरीत सवलत मागितली का?

स्नेहल: नाही सर. सुचलंच नाही.

मृणालवहिनी: आणि घरी कोण बसणार गो? मी दुपारी ऑफिसमधून आले तर हा कॅमेरा बंद करून गाढ झोपलेला. जूनमध्ये वीज गेली की तास गेला. संध्याकाळी खाली उतरायचा तर बाकीची मुलं ट्यूशनला. हळूहळू खाली जायचाच बंद झाला. मला फीपेक्षा ते जास्त लागलं.

सेक्रेटरी: उद्या १० ते २ टाकी साफ करणार. पाणी भरून ठेवा.

देसाई काका: परवाच केली ना?

सेक्रेटरी: ती ए विंगची.

स्नेहल: आत्ताच त्या शाळेला फोन केला. संलग्नता क्रमांक विचारला. मुलगी म्हणाली, 'मॅडम, आज फी भरली तर वीस टक्के सूट.'

मृणालवहिनी: आमकांय तशेंच सांगिल्लें.