मदत हवी आहे: हँडहेल्ड आणि घरचा कन्सोल एक करू नये, हे कसं पटवून देऊ?

लोकहो, जरा तातडीची मदत हवी आहे.

आमच्या अभ्यासक्रमात पुढच्या आठवड्यात वादविवाद आहे. विषय: 'गेम कंपनीने आपला हँडहेल्ड आणि घरचा कन्सोल एकत्र करावा.' (हँडहेल्ड म्हणजे हातात धरून खेळायचा, घरचा म्हणजे टीव्हीला जोडायचा.) चिठ्ठ्या उचलल्या आणि माझ्या वाट्याला 'विरोधात' आलं. आठ मिनिटं बोलायचं, मग तीन मिनिटं समोरच्यांचे प्रश्न झेलायचे.

अडचण तुमच्या लक्षात आलीच असेल. समोरची बाजू उभी राहील, 'स्विच' एवढा एकच शब्द उच्चारेल आणि खाली बसेल. निन्टेन्डोचा स्विच म्हणजे हातातही चालणारा आणि टीव्हीलाही जोडता येणारा कन्सोल. त्यांचा आधीचा घरचा कन्सोल वी यू विकला गेला १ कोटी ३५ लाख, त्याच्यानंतर आलेला स्विच १५ कोटींच्या वर. यावर काय बोलायचं?

माझ्याकडे आत्तापर्यंत तीनच मुद्दे आहेत. बॅटरी पुरत नाही (२०१७चा पहिला स्विच गेमनुसार अडीच ते साडेसहा तास चालायचा), टीव्हीवर चित्र इतर कन्सोलइतकं चांगलं दिसत नाही, आणि यंत्र एकच असल्यामुळे घरात भांडणं होतात. तिसरा मुद्दा अनुभवातून आलाय, पण तो तिथे मांडता येणार नाही. पहिले दोन मलाच लंगडे वाटतात.

खरं सांगायचं तर माझं मत विषयाच्या बाजूनेच आहे. मी स्विचवर टीव्हीला जोडून फारच कमी खेळतो. त्यामुळे विरोधात विचार सुचतच नाहीये. असे प्रयोग पूर्वी फसले आहेत का? दोन यंत्रं वेगळी ठेवण्यात कंपनीचा नेमका फायदा काय होता? आकडे असतील तर फारच बरं.

चार_सेल

फसलेली उदाहरणं हवीत? घ्या. १९९० साली एनईसीने टर्बोएक्सप्रेस काढला. घरच्या टर्बोग्राफ्क्स-१६ची तीच कार्डं त्यात चालायची. १९९५ साली सेगाने नोमॅड आणला, म्हणजे त्यांचा घरचा कन्सोल जेनेसिस अख्खा हातात. घरची कार्ट्रिजं तशीच त्यात खुपसायची. शिवाय त्याला टीव्हीची वायर जोडता यायची आणि दुसऱ्या खेळाडूच्या कंट्रोलरसाठी सॉकेटही होतं. म्हणजे स्विचच्या २२ वर्षं आधीचा स्विचच म्हणा. सहा सेल लागायचे आणि दोन-तीन तासांत त्यांचा खुर्दा. माझं इथलं नाव त्या काळातल्या सुज्ञ मंडळींच्या स्मरणार्थ आहे, ज्यांचा निन्टेन्डोचा हँडहेल्ड गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त चालायचा.

पण ही उदाहरणं फार ताणू नका. समोरचा लगेच म्हणेल की कल्पना बरोबर होती, चिप आणि बॅटरी तयार नव्हत्या. आणि ते खरंच आहे. नोमॅड तुमच्यापेक्षा त्यांच्याच कामाचा.

फिरकी

सोपा उपाय: स्पर्धेपर्यंत तुमचा स्विच माझ्याकडे ठेवायला द्या. विरोध आपोआप मनापासून येईल.

निळी_शाई

सगळे स्विचपाशी अडकले आहेत, म्हणून मुळापासून सांगते. तुमच्या विषयातला घोळ 'एकत्र' या शब्दात आहे. काय एकत्र? डबा, की डब्यासाठी गेम बनवण्याची पद्धत?

वी यू आणि हँडहेल्ड थ्रीडीएस एकाच वेळी बाजारात होते तेव्हा निन्टेन्डोची दमछाक कशामुळे झाली ते बघा. थ्रीडीएस एआरएम प्रोसेसरवर चालायचा, वी यू पॉवरपीसीवर. एकासाठी केलेलं काम दुसऱ्याला जसंच्या तसं उपयोगी नाही. २०१४ साली सुपर स्मॅश ब्रदर्स हा मारामारीचा गेम दोन्हींवर आला. पात्रं तीच, पण बहुतेक रिंगणं वेगळी, आणि दोन स्वतंत्र गेम म्हणून सगळं दोनदा बांधलेलं. एका बाजूची माणसं थ्रीडीएसच्या गेममध्ये अडकली की दुसरीकडे वी यूवाले महिनोन्महिने नव्या गेमची वाट बघत बसायचे.

यावर कंपनीने पहिलं पाऊल उचललं ते २०१३ साली. हँडहेल्डचं हार्डवेअर बनवणारा विभाग आणि घरच्या कन्सोलचा विभाग तिने एकत्र केले. माणसं एकत्र केली, डबा नव्हे. जानेवारी २०१४मध्ये तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता गुंतवणूकदारांपुढे याबद्दल सविस्तर बोलले होते. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: आम्ही जोडतोय ते आतली रचना आणि सॉफ्टवेअरचा पाया. याचा अर्थ दोन यंत्रांचं एकच यंत्र करणं असा नाही. पाया एक झाला की पुढे यंत्रांचे प्रकार वाढूही शकतील. त्यांनी अ‍ॅपलचं उदाहरण दिलं होतं, वेगवेगळ्या आकारांची यंत्रं आणि खाली एकच पाया.

आता तुम्ही असं म्हणा: पाया एक करायला आमची ना नाही. आमचा विरोध डबा एक करण्याला आहे. स्विचच्या यशाचं मोठं श्रेय पहिल्या गोष्टीला जातं आणि समोरची बाजू ते दुसरीच्या खात्यावर मांडते.

धागाकर्ता

निळी_शाई, हे वाचून खुर्चीत सरळ बसलो. पण एक शंका. ही पळवाट वाटणार नाही का? परीक्षक म्हणतील, तुम्ही विषयच बदलला.

निळी_शाई

विषयात 'कन्सोल एकत्र करावा' असं आहे ना? कन्सोल म्हणजे यंत्रच. तुम्ही विषय घट्ट पकडताय, बदलत नाही. आणि पुरावा त्यांच्याच खिशात आहे. सप्टेंबर २०१९मध्ये स्विच लाइट आला. टीव्हीला जोडताच येत नाही, कंट्रोलर अंगालाच चिकटलेले, पडदा साडेपाच इंची. म्हणजे डबा एक करून अडीच वर्षं होतात न होतात तोच त्याच कंपनीने निव्वळ हँडहेल्ड पुन्हा वेगळा काढला. का? कारण तसं गिऱ्हाईक होतंच. हा प्रश्न तुम्ही त्यांना विचारायचा, त्यांनी तुम्हाला नव्हे.

सावकाश

आकडे मागितलेत म्हणून. (सगळे कंपनीने जाहीर केलेल्या विक्रीचे, ढोबळ.)

घरचा गेमक्यूब २ कोटी १७ लाख, त्याच्या जोडीचा हँडहेल्ड गेम बॉय अ‍ॅडव्हान्स ८ कोटी १५ लाख. वी यू १ कोटी ३५ लाख, जोडीचा थ्रीडीएस ७ कोटी ५९ लाख. दोन्ही वेळा घरचा कन्सोल आपटला आणि घर चालवलं ते खिशातल्या भावाने. हा तुमचा सगळ्यात दणकट मुद्दा. दोन यंत्रं असतील तर एक पडलं तरी दुसरं हात देतं. एकच असेल आणि तेच पडलं तर? एकाच खुंटीला सगळं टांगलेलं.

दुसरी बेरीज. हँडहेल्ड डीएस १५ कोटी ४० लाख, घरचा वी १० कोटी १६ लाख, मिळून साडेपंचवीस कोटींच्या वर. स्विच कितीही थोर असला तरी एकटा तिथे पोचत नाही. गेमविक्रीतही तेच. डीएस आणि वी, दोघांच्या प्रत्येकी ९० कोटींहून जास्त गेम विकल्या गेल्या.

चार_सेल

सावकाश, बेरीज ठीक, पण एक सांगू? वी आणि डीएस दोन्ही घेणारी घरं ढीगभर होती. यंत्रं मोजलीत, गिऱ्हाईकं नाहीत. समोर कोणी हुशार असेल तर इथे पकडेल.

आणि 'खिशातल्या भावाने घर चालवलं' हेही जरा जपून. थ्रीडीएस फेब्रुवारी २०११मध्ये जपानात २५,००० येनला आला आणि ऑगस्टमध्ये थेट १५,००० येनवर आणावा लागला. मार्च २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन आर्थिक वर्षं निन्टेन्डो कामकाजात तोट्यात होती. म्हणजे एकाच काळात दोन्ही यंत्रं सावरताना कंपनीची त्रेधा उडाली. दोन्ही डगरींवर हात ठेवला की असंही होतं.

सावकाश

मान्य. बेरजेचा मुद्दा मागे घेतो. गेमक्यूबचं उदाहरण मात्र ठेवतो. त्यात खोट काढून दाखवा.

चार_सेल

नाही काढत. ते चोख आहे.

तिसरी_घंटा

सगळे कंपनीच्या बाजूने बोलताहेत. खेळणाऱ्याचं काय गेलं ते कोणीच सांगत नाहीये. माझ्या मते विरोधी भाषणाचा प्राण तिथे आहे.

डीएस आठवा. दोन पडदे, एक बोटाने किंवा काडीने वापरायचा, मायक्रोफोन, आणि वहीसारखी मिटणारी घडण. ब्रेन ट्रेनिंग या गेमसाठी तो पुस्तकासारखा उभा धरायचा. झेल्डा मालिकेतल्या फँटम आवरग्लास या गेममध्ये (२००७) एक जागा आहे. वरच्या पडद्यावरची खूण खालच्या नकाशावर उमटवायची आहे. मी वीसेक मिनिटं काडीने घासत, फुंकर मारत, बटणं दाबत बसले होते. काही होईना. शेवटी वैतागून यंत्र मिटलं. उघडलं तर खूण उमटलेली! दोन पडदे एकमेकांवर दाबायचे होते, शिक्का मारल्यासारखे. ते यंत्रच कोड्याचा भाग होतं.

हा प्रकार टीव्हीवर कसा करणार? संकराच्या यंत्रावर जवळपास प्रत्येक गेम दोन्हीकडे चालली पाहिजे, हातात आणि भिंतीवरही. मग गेम बनवणारा तेवढंच वापरतो जे दोन्हीकडे आहे: एक पडदा, अंगठ्याने फिरवायच्या दोन दांड्या, बटणं. स्विचला स्पर्शाचा पडदा आहे, पण डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खोबणीत, ठेवला की तो झाकला जातो. म्हणून त्याच्यावर बेतलेल्या गेम हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. यंत्र दोन्हीकडे चालतं म्हणून त्याचं कौतुक होतं, पण त्यापायी दोन्हीकडचं खास असं काही उरत नाही.

उलट बाजूचा दाखला सोनीकडे आहे. २०१३मध्ये त्यांनी व्हिटा टीव्ही काढला. हँडहेल्ड व्हिटाचा पडदा काढून टाकलेला, टीव्हीला जोडायचा चिमुकला डबा. ज्या गेमना स्पर्श लागायचा त्यांतल्या बऱ्याच त्यावर चालल्याच नाहीत. हातासाठी केलेली वस्तू भिंतीवर टांगली की असं होतं.

फिरकी

मीही आता गंभीर होतो. मारिओ कार्ट या शर्यतीच्या गेम मोजा. वेगळी यंत्रं होती तेव्हा डीएससाठी एक, वीसाठी एक, थ्रीडीएससाठी एक, वी यूसाठी एक. प्रत्येक यंत्राला आपली स्वतःची. यंत्र एक झाल्यावर? २०१४ची वी यूवाली गेमच २०१७मध्ये 'डिलक्स' होऊन स्विचवर आली, ६ कोटींच्या वर खपली, आणि पुढची मोठी मारिओ कार्ट थेट जून २०२५मध्ये, स्विच २ सोबत. मधल्या काळात एक फोनवरची आणि एक खेळण्यातली खरी गाडी पळवायची, अशा दोन आल्या, पण त्या वेगळ्या जातीच्या. कंपनीला एकाच गेमवर आठ वर्षं काढता आली, कारण दुसऱ्या यंत्राची भूकच राहिली नव्हती.

धागाकर्ता

तिसरी_घंटा, तो शिक्क्याचा किस्सा भाषणात वापरू का? तुमचा अनुभव म्हणून नाही, गेमचं उदाहरण म्हणून.

फिरकी, हे फारच जबरी आहे. पण 'सहा कोटी लोकांनी आनंदाने घेतली ना?' असं म्हणाले तर?

फिरकी

तर म्हणायचं, हो, घेतली. दुसरी होती कुठे?

तिसरी_घंटा

खुशाल वापरा. फक्त ज्यांनी ती गेम अजून खेळलेली नाही त्यांची आधी माफी मागा. मी कोडं फोडून टाकलंय.

निळी_शाई

एक तांत्रिक मुद्दा जोडते, कारण तुमचा 'चित्र चांगलं दिसत नाही' हा मुद्दा नीट मांडला तर लंगडा नाही. पहिल्या स्विचचा स्वतःचा पडदा ७२०पी, टीव्हीवर १०८०पी. म्हणजे चित्राचे बिंदू सव्वादोन पट. चिप तीच, डॉकमध्ये ती जास्त वेगाने पळवतात आणि ती वाढीव ताकद बरीचशी त्या जादा बिंदूंतच खर्च होते. घरच्या डब्याला जागा, पंखा आणि भिंतीतून वीज मिळते. संकराच्या यंत्राला मात्र बॅकपॅकमध्ये मावेल आणि हातात चटका बसणार नाही एवढ्याच हद्दीत राहावं लागतं. म्हणूनच कंट्रोल आणि हिटमॅन ३ सारख्या गेम स्विचवर क्लाउडमधून आल्या. गेम दुसरीकडे कुठेतरी चालते, तुमच्याकडे नुसतं चित्र येतं. इंटरनेट गेलं की खेळ खल्लास, म्हणजे हातातल्या यंत्राचा मूळ उपयोगच गेला.

'ग्राफिक्स वाईट' असं म्हणू नका, रडगाणं वाटतं. 'घरच्या डब्याची मर्यादा हातातली बॅटरी ठरवते' असं म्हणा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मांडणी केली. सुरुवात निळी_शाई यांच्या 'पाया आणि डबा' या भेदाने. मग गेमक्यूब आणि गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, फक्त ती एकच जोडी. थ्रीडीएसच्या वाटेला जात नाही. मग शिक्का, तिथे दोन मिनिटं. मारिओ कार्टला एक मिनिट. बॅटरीचं वाक्य निळी_शाई यांचं जसंच्या तसं. आणि शेवट करायचा नाही, स्विच लाइटचा प्रश्न समोरच्यांवर टाकून खाली बसायचं.

घरी आरशासमोर बोलून बघितलं, नऊ मिनिटं वीस सेकंद होतात. काय कापू?

चार_सेल

बॅटरी कापा. ती सगळ्यांना आधीच माहीत असते. कोणी विचारलंच तर प्रश्नोत्तरांत काढा, तिथे तयार उत्तर म्हणून जास्त शोभेल.

तिसरी_घंटा

शिक्क्याला हात लावाल तर बघा.