ट्रेलरसाठी पाण्याचा प्रेशर रेग्युलेटर: कोणता घ्यावा आणि कुठे लावावा?

प्लॅनोचा कराडकर

नमस्कार मंडळी,

आम्ही हिवाळ्यात एक जुना, 24 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेतला आहे. मे अखेरीला आई-बाबा कराडहून येतायत. जूनमध्ये त्यांना घेऊन कोलोरॅडोला निघायचं आहे: प्लॅनोहून अमारिलो, पुढे रॅटनचा घाट, आणि मग लीडव्हिलच्या आसपास काही मुक्काम. तिथल्या एका कॅम्पग्राउंडने बुकिंगच्या ईमेलमध्येच ठळक अक्षरांत बजावलंय, की आमच्याकडे पाण्याला प्रेशर फार आहे, रेग्युलेटर नसेल तर नळ जोडू नका.

आधीच्या मालकाने ट्रेलरबरोबर एक छोटा पितळी रेग्युलेटर दिलाय, डमरूसारखा, मध्ये बारीक. तो लावला की शॉवरची धार इतकी मंदावते की बाबांच्या अंगावरचा साबणसुद्धा नीट जाणार नाही. दुकानात गेज (प्रेशर दाखवणारा काटा) असलेला, प्रेशर कमी-जास्त करता येणारा रेग्युलेटर पाहिला, पण तो बराच महाग आहे. एवढे पैसे घालावेत का? तो बाहेरच्या नळाला लावायचा की ट्रेलरच्या तोंडाशी, म्हणजे पाणी आत घेतो तिथे? आणि शेजारी म्हणतात की नळ अर्धाच उघडला तर रेग्युलेटरची गरजच नाही. हे बरोबर आहे का?

जुना तळेगावकर

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. नळ अर्धा उघडून काहीही साधत नाही. पाणी वाहत असतं तोवर अर्धवट उघडा नळ प्रेशर खातो, हे खरं. पण रात्री सगळे झोपलेत, आतले सगळे नळ बंद आहेत, पाणी जागचं हलत नाही, अशा वेळी त्या फटीतून थोडं थोडं पाणी आत शिरतं आणि आतलं प्रेशर बाहेरच्या बरोबरीला येऊन थांबतं. बाहेर 110 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, प्रेशरचं माप) असेल तर आतही 110. सांधे सुटतात ते अशाच वेळी, आणि सकाळी गादीखालचं कपाट पाण्याने भरलेलं असतं. शिवाय कॅम्पग्राउंडवर बऱ्याचदा लांब दांड्याचा, वर तरफ असलेला नळ असतो. त्याचा खरा व्हॉल्व्ह जमिनीखाली, हिवाळ्यात माती गोठते त्या थराच्याही खाली बसवलेला असतो आणि बंद केल्यावर दांड्यातलं पाणी खालच्या भोकातून मातीत उतरतं. तो अर्धा ठेवला तर ते भोक नीट बंद होत नाही आणि पाणी सतत जमिनीत मुरत राहतं. तो पूर्ण उघडायचा नाहीतर पूर्ण बंद करायचा.

मी तळेगावला व्हॉल्व्हच्या कारखान्यात टेस्टिंगला होतो, आता बरीच वर्षं डेन्व्हरजवळ राहतो, आणि निवृत्तीनंतर बायकोबरोबर ट्रेलर घेऊन याच डोंगरांत फिरतो. आपण वाढलो गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यावर. टाकीपासून नळ 10 मीटर खाली असेल तर प्रेशर जेमतेम 14 पीएसआय. पाण्याला जोर कमी, हीच आपली जन्माची तक्रार; जोर जास्त असणं हाही त्रास असू शकतो हे चटकन मनात येत नाही. इथे कॅम्पग्राउंडची टाकी वरच्या उतारावर असते. दर 2.31 फुटांच्या उंचीला 1 पीएसआय. टाकी 300 फूट वर असली तर खालच्या नळाला 130. इथल्या प्लंबिंग कोडप्रमाणे घरात 80 च्या वर प्रेशर असेल तर रेग्युलेटर सक्तीचा आहे, आणि ट्रेलरची नळजोडणी घरापेक्षा नाजूक असते.

पाइप सहसा फुटत नाही. पेक्स, म्हणजे हल्लीचा लवचिक प्लास्टिकचा पाइप, 73 फॅरनहाइटला 160 पीएसआयचा आणि 180 फॅरनहाइटला 100 चा असतो. म्हणजे गरम पाण्याच्या बाजूला आधीच हात आखडता. पण दगा देतात ते प्लास्टिकचे सांधे, टॉयलेटचा व्हॉल्व्ह, नळाखालच्या लवचिक नळ्या आणि फिल्टरचं भांडं. तुमचा ट्रेलर कोणत्या सालचा? 1995 च्या आधीचा असेल आणि आत राखाडी पाइप दिसत असतील तर ते पॉलिब्युटिलीन, म्हणजे कालांतराने ठिसूळ होणारं जुनं प्लास्टिक, असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर मी 40 च्या वर जाणार नाही.

आता डमरूबद्दल. त्यात स्प्रिंग ठरावीक प्रेशरची, बहुतेक 40 ते 50 च्या मधली, आणि पाणी जायची वाट फार अरुंद. प्रेशर तो बरं सांभाळतो, पण प्रवाह मारतो. तुमच्या शॉवरची तक्रार प्रेशरची नाही, प्रवाहाची आहे. मला खरी काळजी याची वाटते की शॉवर मंद म्हणून लोक तो काढून ठेवतात, आणि नेमकं डोंगरात थेट जोडणी करतात. म्हणून मोठ्या पोटाचा, ॲडजस्टेबल घ्या. आई-बाबा बरोबर आहेत, पैसे घालाच. घेताना तीन गोष्टी पाहा. गेज बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या बाजूला हवं. आत जाणाऱ्या बाजूला काढून धुता येईल अशी जाळी हवी. आणि पितळ शिसेमुक्त हवं: जानेवारी 2014 पासून इथल्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या फिटिंगमध्ये पाण्याला लागणाऱ्या भागात शिशाचं प्रमाण सरासरी 0.25 टक्क्याच्या आत असावं लागतं, पण बागकामाच्या फिटिंगला ही अट नाही आणि दुकानात दोन्ही शेजारी शेजारी टांगलेली असतात. एनएसएफ 61 किंवा 372 हा पिण्याच्या पाण्याच्या फिटिंगचा शिक्का शोधा.

जागा बाहेरच्या नळालाच. होज (नळापासून ट्रेलरपर्यंतची नळी) आणि फिल्टर दोन्ही त्याच्या पुढे आले पाहिजेत, म्हणजे तेही सुरक्षित राहतात. ट्रेलरच्या तोंडाशी लावलात तर 25 फूट होज रात्रभर पूर्ण प्रेशरखाली फुगलेला राहणार, आणि वर ते पितळेचं वजन ट्रेलरच्या प्लास्टिकच्या तोंडावर लोंबकळणार.

बसवण्याआधी बाहेरचा नळ बादलीत मोकळा सोडा. पहिल्या पाण्यात गंज आणि वाळू येते. मग रेग्युलेटर, त्यावरचा बाण पाण्याच्या दिशेने ठेवून. हाताने घट्ट करा, पाना लावू नका. इथे पाणी रबरी वॉशर अडवतो, आटे नाही. आतला एक नळ उघडून पाइपांतली हवा जाऊ द्या. आता सगळं बंद करून गेज पाहा. ट्रेलरच्या मॅन्युअलमध्ये दिलेली मर्यादा प्रमाण माना. सहसा 40 ते 60 मधला आकडा असतो, मी 45 ला ठेवतो. स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की प्रेशर वाढतं. कमी करताना मात्र आतला नळ थोडा उघडा ठेवा, कारण अडकलेलं पाणी बाहेर पडल्याशिवाय काटा खाली येत नाही आणि माणूस उगाच स्क्रू फिरवत बसतो. शॉवर चालू केल्यावर काटा थोडा उतरेल, ते योग्यच आहे. आकडा लावायचा तो सगळं बंद असतानाचा.

रानवाटा

तळेगावकर काकांशी सहमत. दोन गोष्टी माझ्याकडून.

रेग्युलेटर ऑनलाइन मागवताना आटे तपासा. होजचे आटे इंचाला साडेअकरा, घरातल्या पाइपचे 14. दोन्हीवर पाऊण इंच लिहिलेलं असतं आणि दोन्ही एकमेकांत दीड-दोन फेरे जातातसुद्धा, मग अडकतात आणि गळतात. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा. "ट्रेलरसाठी" म्हणून विकलेला घेतलात तर हा घोळ होत नाही. आणि अर्धा इंची होज असेल तर पाऊण नाही तरी पाच अष्टमांश इंची पिण्याच्या पाण्याचा घ्या. तेवढ्या प्रेशरला दीडपटीहून जास्त पाणी येतं. बाबांच्या अंघोळीचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

दुसरं, लीडव्हिल 10,000 फुटांच्या वर आहे, जूनमध्येही पहाटे पाणी गोठायच्या बेताला येतं. आम्ही तिकडे संध्याकाळी ट्रेलरची टाकी भरून घेतो, होज आणि रेग्युलेटर सोडवून, झटकून आत ठेवतो आणि रात्री ट्रेलरच्या पंपावर राहतो. पंप साधारण 55 पीएसआयला आपोआप बंद होतो, त्यामुळे बाहेरच्या प्रेशरशी संबंधच उरत नाही. रेग्युलेटरमध्ये पाणी गोठलं तर पितळ तडकतं, आणि न दिसणारी चीर असेल तर दुसऱ्या दिवशी तो काम करतोय असं वाटत राहतं.

प्लॅनोचा कराडकर

काका, ताई, मनापासून आभार. ट्रेलर 2011 चा आहे, पाइप लाल-निळे. गेजवाला रेग्युलेटर आणला, होजही बदलला. घराच्या अंगणात जोडून पाहिलं, शॉवर मस्त चालतो. एक शंका मात्र आहे. सकाळी 45 ला लावला, आतला एकही नळ उघडला नाही, आणि दुपारी काटा 70 वर! रेग्युलेटर खराब निघाला का? की गीझरमुळे प्रेशर वाढतंय?

जुना तळेगावकर

गीझर नाही. ट्रेलरच्या तोंडाशी एकेरी व्हॉल्व्ह असतो, आतलं वाढलेलं प्रेशर उलटं बाहेरच्या गेजपर्यंत येत नाही. (गीझरचं फुगलेलं पाणी त्याच्या 150 पीएसआयच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकतं. तसं दिसलं तर गीझरच्या टाकीतली हवेची जागा संपलीय, रेग्युलेटरला दोष देऊ नका.)

राहतात दोनच शक्यता. एक, रेग्युलेटरमधला व्हॉल्व्ह जिथे टेकून मिटतो त्या सीटवर वाळूचा कण बसलाय, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि काटा हळूहळू मूळ प्रेशरकडे सरकतो. दुसरी, ऊन. रेग्युलेटर आणि एकेरी व्हॉल्व्ह यांच्या मध्ये होजमधलं पाणी कोंडलेलं असतं. टेक्सासच्या उन्हात ते तापून फुगतं, जायला जागा नाही, काटा चढतो. ओळखायला सोपं आहे: सूर्य मावळल्यावर नळ क्षणभर उघडून 45 वर आणा, काही वापरू नका, आणि पहाटे पाहा.

प्लॅनोचा कराडकर

पाहिलं. रात्री दहाला 45, सकाळी सहाला 44.

जुना तळेगावकर

मग रेग्युलेटर चांगला आहे. कण असता तर रात्रीतूनसुद्धा काटा चढला असता. होज ट्रेलरच्या खालून, सावलीतून न्या. दिवसभर फिरायला जाल तेव्हा बाहेरचा नळ पूर्ण बंद करा आणि होजमधलं प्रेशर सोडून द्या. जाळी दर मुक्कामी नव्हे, पण डोंगरात पाणी गढूळ दिसलं तर त्याच दिवशी धुवा. आणि दोन-चार जादा वॉशर डॅशबोर्डच्या खणात ठेवा, लीडव्हिलला संध्याकाळी दुकान शोधत फिरावं लागू नये.