मदत हवी आहे: मीडियम फॉरमॅट (मोठ्या फिल्मच्या) कॅमेऱ्याने स्वतःचा फोटो काढताना डोळे धूसर येतात

खिडकीपाशी: सेल्फ-टायमर लावून मी खुर्चीत जाऊन बसते, तरी १२ पैकी ९ फोटोंत डोळे धूसर आणि खुर्चीची पाठ लख्ख आली आहे. शेवटचा रोल उरला आहे आणि रविवारी सकाळी फोटो काढायचाच आहे, म्हणून कृपया लवकर सांगावे.

काळापांढरा: कॅमेरा कोणता, अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) किती होते, अंतर किती होते आणि फोकस कशावर धरला होता, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

खिडकीपाशी: याशिका मॅट १२४ जी, एचपी५ प्लस फिल्म, अ‍ॅपर्चर एफ/३.५, शटर १/३० सेकंद, अंतर दीड मीटर. खुर्ची रिकामी असल्यामुळे फोकस तिच्या पाठीवरच धरावा लागला.

सह्यभ्रमर: आरसा वापरा. छायाचित्रकार व्हिव्हियन मायर यांनी रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याने आरशांत आणि दुकानांच्या काचांत टिपलेली स्वतःची छायाचित्रे अवश्य पाहा. आरसा १ मीटरवर असेल तर फोकस २ मीटरवर धरावा लागतो, एवढेच लक्षात ठेवावे.

बारा_चौकटी: माझ्या हॅसलब्लाड कॅमेऱ्याचा अनुभव असा, की त्याच्या आतला आरसा आधीच उचलून ठेवला की हादरा बसत नाही आणि फोटो स्पष्ट येतो.

काळापांढरा: याशिकाचा आतला आरसा जागचा हलतच नाही आणि खुर्ची लख्ख आली आहे, म्हणजे हादऱ्याचा संबंध नाही. ८० मिमी लेन्सला एफ/३.५ वर दीड मीटर अंतरावर मागेपुढे मिळून जेमतेम १२ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे पाठीपासून त्याहून बरेच पुढे असतात. छिद्र लहान करून एफ/८ वर आणले, तर हा पट्टा २८ सेंटिमीटरच्या आसपास जातो.

सह्यभ्रमर: पण मग शटर १/८ सेकंदावर येईल आणि चेहरा हलेल. त्यापेक्षा शेजाऱ्यांना बटण दाबायला सांगितले तर सगळेच प्रश्न सुटतील.

खिडकीपाशी: आरसा नको, कारण कॅमेरा फोटोत दिसायला नको आहे. माझ्या आईचा साठाव्या वर्षीचा फोटो याच खिडकीत काढलेला आहे. रविवारी मला ६० वर्षे पूर्ण होत आहेत आणि हा फोटो मला स्वतःच काढायचा आहे.

काळापांढरा: हे आधी लिहिले असतेत, तर आरशाची चर्चा झालीच नसती. खुर्चीत बसून कॅमेऱ्यापासून डोळ्यांपर्यंत दोरी ताणा आणि तिथे गाठ मारा. मग काठीवर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवून ती गाठीच्या जागी उभी करा आणि पडद्यावरचे भिंग उघडून त्या अक्षरांवर फोकस धरा. फोटोच्या वेळी दोरीने अंतर पुन्हा तपासून ती बाजूला टाका. एफ/५.६ आणि १/१५ सेकंद हा मला मधला मार्ग वाटतो. पाठ टेकून श्वास सोडल्यावर माणूस तेवढा वेळ स्थिर राहू शकतो.

बारा_चौकटी: ४०० आयएसओची (प्रकाश-संवेदनशीलतेची) ही फिल्म १६०० ची मानून वापरली आणि त्यानुसार डेव्हलप केली, तर एफ/८ आणि १/३० सेकंद दोन्ही मिळतील. दाणे वाढतील, पण डोळे हातचे जाणार नाहीत.

काळापांढरा: आईच्या फोटोशेजारी ठेवायच्या फोटोत दाणे वाढवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ताई, सेल्फ-टायमरही टाळा. जुन्या याशिकात तो मध्येच अडकला तर शटर बंद पडते आणि कॅमेरा उघडावा लागतो. रबरी फुग्याची लांब नळीवाली केबल बटणाच्या आट्यात बसवा आणि फुगा पायाखाली ठेवा, म्हणजे धावत जाऊन बसावे लागणार नाही.

खिडकीपाशी: आत्ता दोरीने मोजले. खुर्चीची पाठ १५० सेंटिमीटरवर आहे आणि डोळे १२८ वर. फुगा उद्या मागवते, एचपी५ ४०० वरच ठेवते.