१७५/६५ आर १४ : दोनच बदलू की चारही? आणि रुंद टायर घ्यावेत का?

हॅचबॅकवाला
फ्रंट व्हील ड्राइव्हची छोटी हॅचबॅक आहे. कंपनीतून आलेले टायर १७५/६५ आर १४ ८२ टी. पुढच्या दोन्हींची नक्षी मधोमध जेमतेम २ मिमी उरलीये, मागच्यांची साडेचारच्या आसपास. पुढच्या डाव्या टायरची आतली कड मात्र पार गुळगुळीत झालीये, उजव्याची तशी नाही. प्रश्न तीन :
दुकानदार म्हणतो १८५/६५ टाका, ग्रिप वाढेल. टाकावेत का?
दोनच घेतले तर नवे पुढे की मागे?
टायर निवडताना नेमकं काय बघायचं? कंपन्यांची नावं नकोत, निकष सांगा.

नक्षीमापक
आधी मापाचं. १७५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे साईडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, १४ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. तुमच्या टायरची साईडवॉल ११३.७५ मिमी. ती दोनदा आणि रिमचे ३५५.६ मिळून चाकाचा व्यास सुमारे ५८३ मिमी. १८५/६५ चा व्यास ५९६ भरतो, म्हणजे सव्वादोन टक्के जास्त. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडीचा खरा वेग आधीच्या टायरपेक्षा ताशी सुमारे दोन किमीने जास्त असेल. हे फार नाही, पण चाक मोठं झाल्यामुळे प्रत्येक गिअर किंचित लांब होतो, लहान इंजिनाची ओढ कमी वाटते, आणि स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासतो का हे बघावं लागतं. रुंदी वाढवायचीच असेल तर १८५/६० बघा, व्यास ५७८ च्या आसपास येतो, फरक एक टक्क्याच्या आत. तुमची रिम ५ इंच रुंद असली तरी १७५ आणि १८५ दोन्ही चालतात, त्यापुढे जाऊ नका.

आता 'ग्रिप वाढेल' याबद्दल. रुंदीपेक्षा रबराचं मिश्रण आणि नक्षी जास्त ठरवतात. पाणी साचलेल्या रस्त्यावर तर रुंद टायर लवकर तरंगतो, कारण त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. चांगल्या प्रतीचा १७५ हा स्वस्तातल्या १८५ पेक्षा ओल्या रस्त्यावर लवकर थांबवेल. दुकानात १८५ चा साठा पडून असणं हे त्या सल्ल्याचं एक कारण असू शकतं, इतकंच म्हणतो.

८२ हा भाराचा आकडा, म्हणजे एका टायरवर ४७५ किलो. टी म्हणजे ताशी १९० किमी. या दोन्हींत वर गेलात तर हरकत नाही, खाली मात्र कधीही नाही. ८२ च्या जागी ७९ घेऊन 'तेवढंच वजन आहे गाडीचं' हा हिशोब करू नका. भरलेली गाडी ब्रेक लावते तेव्हा पुढच्या चाकांवर भार सरकतो.

वळणदार
नवे पुढे टाका. इंजिन पुढे, स्टीअरिंग पुढे, ब्रेकचा बहुतेक भार पुढे. मागची चाकं फक्त मागून येतात.

नक्षीमापक
@वळणदार, हा समज फार पसरलेला आहे आणि कोरड्या रस्त्यावर तो खपूनही जातो. गडबड पाण्यात होते. पुढचे टायर तरंगले तर स्टीअरिंग हलकं पडतं आणि गाडी सरळ पुढे जाते. चालकाला ते लगेच जाणवतं, पाय अॅक्सिलरेटरवरून उठतो, पकड परत येते. मागचे तरंगले तर हाताला काहीच कळत नाही आणि गाडीची शेपूट फिरते. तिथे पाय उचलला की मागचा भार आणखी कमी होऊन ती जास्तच फिरते. म्हणून फ्रंट व्हील ड्राइव्ह असो की रिअर, नवी जोडी मागे आणि त्यातल्या त्यात बरी जुनी जोडी पुढे.

हॅचबॅकवाला यांच्या बाबतीत हे जमतंय : मागचे साडेचारवाले पुढे, नवे मागे. नक्षी १.६ मिमीला येते तेव्हा मुख्य खाचांमधल्या आडव्या पट्ट्या टायरच्या पातळीला लागतात. त्या कुठे आहेत ते साईडवॉलवर छोट्या त्रिकोणाने किंवा टीडब्ल्यूआय अक्षरांनी दाखवलेलं असतं. पण ओल्या रस्त्यावरची पकड ३ मिमीच्या खालीच झपाट्याने ढासळते, तेव्हा त्या पट्ट्यांची वाट बघू नका. पुढे आलेले साडेचारवाले लवकर झिजतील, ते ३ ला आले की त्यांचीही जोडी बदला. एका अॅक्सलवर (पुढच्या किंवा मागच्या जोडीत) मात्र दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे हवेत.

टोकॅम्बर
टायर घेण्याआधी ती डावी आतली कड का गेली ते शोधा, नाहीतर तिथे जाणारा टायरही तसाच जाईल. टो (वरून पाहता चाकं आत की बाहेर वळलेली आहेत तो कोन) बिघडला तर झीज बहुधा पुढच्या दोन्ही टायरवर दिसते, कारण सरळ चालताना दोन्ही चाकं तो फरक आपसात वाटून घेतात. शिवाय नक्षीवरून आडवा हात फिरवला की एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने करवतीसारखं लागतं. तुमची झीज एकाच चाकाची आहे आणि कड गुळगुळीत आहे. माझा संशय कॅम्बरवर (समोरून पाहता चाक आत-बाहेर किती कललंय तो कोन) : खड्ड्यात आपटून वाकलेला स्ट्रट (शॉकअॅब्सॉर्बरचा खांब) किंवा लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) खाल्लेला रबरी बुश. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर कमी-जास्त करायची सोयच नसते. अलाइनमेंटवाल्याने फक्त टो जुळवून 'झालं' म्हटलं तर आधीचा आणि नंतरचा छापील अहवाल मागा आणि डाव्या-उजव्या कॅम्बरचे आकडे ताडून बघा.

पुढे कधी उपयोग होईल म्हणून : दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, फक्त मध्य झिजला तर हवा जास्त, ठिकठिकाणी खोलगट चट्टे पडले तर शॉकअॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग.

हॅचबॅकवाला
फार मदत झाली. १७५/६५ च घेतो, दोन, मागे टाकायला. एका ठिकाणी मिळतोय त्यावरचा आकडा ३१२४ आहे. जुना माल म्हणायचा का? आणि बसवताना उभं राहून काय बघू?

नक्षीमापक
३१२४ म्हणजे टायर २०२४ च्या एकतिसाव्या आठवड्यात बनलाय. सावलीत, तेल आणि ऊन यांपासून लांब ठेवलेला वर्ष-दोन वर्षांचा टायर बिनधास्त घ्या. फक्त दोन्हींचा आकडा वाचा. पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, दुसऱ्या बाजूला शेवटचे चार अंक नसतातच. आणि स्टेपनीचाही वाचा, ती न वापरताही म्हातारी होते.

ट्रेडवेअरचा (नक्षी किती टिकेल याचा) आकडा एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला बरा. वेगवेगळ्या कंपन्यांचे ३०० आणि ४०० समोरासमोर ठेवू नका, चाचणीनंतर तो आकडा कंपनी स्वतःच ठरवते. ओल्या रस्त्याच्या पकडीची श्रेणी मात्र जरूर बघा.

टोकॅम्बर
बसवताना : रबरी व्हॉल्व्ह नवे घाला, जुन्या व्हॉल्व्हच्या बुडाशी चिरा पडून हवा हळूहळू जाते. हवेचा सेन्सर असेल तर तो कुठे आहे ते कारागिराला आधीच सांगा, टायर उतरवताना तुटतो. रिमची कड तारेच्या ब्रशने साफ व्हायला हवी. टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडेला लावायला टायरची पेस्ट किंवा साबणाचं पाणी, ग्रीस किंवा तेल अजिबात नाही. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो हलक्या बाजूची खूण आहे, तो व्हॉल्व्हसमोर आणला की बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. बाण असेल तर फिरण्याची दिशा, 'आउटसाइड' लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर.

टायरची कड रिमवर बसत नसेल तर ४० पीएसआयच्या वर हवा भरू देऊ नका. हवा काढून, पुन्हा पेस्ट लावून बसवायचं. बसल्यावर रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे.

नट आधी हाताने, मग समोरासमोरचे आळीपाळीने, शेवटी टॉर्क पान्ह्याने गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला. नुसत्या हवेच्या गनने कचकचून आवळले तर ब्रेक डिस्क वाकते आणि पंक्चरच्या वेळी नट सुटत नाहीत. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासा. हवा दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर गार असताना. साईडवॉलवरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. नव्या रबरावर साच्यातला गुळगुळीतपणा राहतो, पहिले दोन-तीनशे किमी जोरात ब्रेक आणि जोरात वळणं टाळा.